सोयाबीनची मेणबत्ती आणि वऱ्हाडातली हवा

सोयाबीनच्या मेणाचं पहिलं पार्सल घरी आलं तेव्हा दसरा होऊन गेला होता आणि ओसरीवर नव्या सोयाबीनची थप्पी लागलेली होती. सासूबाईंनी पुडकं सोडलं. आत साबणाच्या चुऱ्यासारखे पांढरे, गुळगुळीत पापुद्रे. "काहून वं, घरात पोती पडली अन् तू मेन पार्सलनं बलावून राह्यली?" मग एक पापुद्रा बोटांत चोळून, हुंगून म्हणाल्या, "हे तं डालड्यावानीच लागते."

त्यांचं निदान अचूक होतं. सोयाबीनच्या दाण्यात तेल १८ ते २० टक्के असतं, पण ते कितीही गाळलं तरी पातळच राहतं. त्यात वात घातली तर दिवा होतो, मेणबत्ती होत नाही. त्या तेलात निकेलच्या साहाय्याने, दाबाखाली हायड्रोजन मिसळला की ते थिजून घट्ट होतं. वनस्पती तूप याच रीतीने होतं. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला याच रीतीने सोयाबीनच्या तेलाचं मेण करून त्याच्या मेणबत्त्या सुरू झाल्या. तेव्हा घरच्या सोयाबीनचं मेण घरी करण्याचा नाद पहिल्याच दिवशी सोडा. मी चार दिवस उशिरा सोडला.

आमचं नांदगाव खंडेश्वर अमरावती-यवतमाळ रस्त्यावर. शिवारात सोयाबीन, तूर आणि कपाशी. मेण सोयाबीनचं, वात कापसाची, म्हणजे दोन्ही पिकं बांधावरची आणि दोन्ही वस्तू बाहेरगावाहून येणाऱ्या. त्याचं वाईट वाटून घेण्यात अर्थ नाही. खरी अडचण वेगळीच आहे. पाकिटावरच्या सूचना वीस-बावीस अंशांच्या गार खोलीसाठी लिहिलेल्या असतात. नांदगावात डिसेंबरच्या पहाटे बोटं आखडतात आणि मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. मेणाला या दोन्हींचा त्रास होतो. माझ्या बिघडलेल्या मेणबत्त्यांपैकी निम्म्या तरी हवेने बिघडवल्या, उरलेल्या मी.

साहित्य असं घ्या. सोयाबीनचं मेण १ किलो, पण पाकिटावर 'कंटेनर' असं लिहिलेलं; म्हणजे ग्लासात ओतून ग्लासातच जाळायचं. साच्यातून काढून उभ्या ठेवायच्या मेणबत्तीचं मेण याहून कडक असतं, नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. बुडाला पत्र्याची टिकली लावलेल्या सुती वाती, दोन-तीन वेगवेगळ्या जाडीच्या. मेणबत्तीसाठीचं सुगंधी तेल, ५० ग्रॅमची एक बाटली. ग्रॅम दाखवणारा वजनकाटा. स्वयंपाकाचा थर्मामीटर. जाड काचेचे, सरळ भिंतीचे, एकाच मापाचे ३ ग्लास. तोंड साडेसहा-सात सेंटिमीटरपेक्षा रुंद नको, नाहीतर एका वातीने भागत नाही. चहाचे पातळ ग्लास घेऊ नका, तडकतात. एक खोल गंज आणि त्यात बसेल असं चोचीचं स्टीलचं भांडं. हे भांडं पुन्हा दूध तापवायला येणार नाही, हे घरात आधीच सांगून ठेवा.

यातल्या वातीवर मी काटकसर करून पाहिली. श्रावणात वातींचे ढीग वळणारं घर आमचं. विकतची वात कशाला आणायची? सरकीतून सोडवलेल्या कापसाची चांगली पिळाची वात वळली आणि ग्लासात उभी केली. पेटवल्यावर ज्योत बोटभर उंच झाली, लवलवायला लागली आणि पाऊण तासात ग्लासाची कड आतून काळी. समईतली वात तेलात लोळत असते, तेल आयतं तिच्यात चढतं. मेणबत्तीत ज्योतीला आधी मेण वितळवावं लागतं आणि वितळेल तेवढंच वर ओढावं लागतं. वात जाड आणि सैल असली की ती जास्त ओढते, सगळं जळत नाही, उरलेल्याची काजळी होते. मेणबत्तीची वात पिळाची नसते, वेणीसारखी विणलेली असते. जळताना तिचं टोक किंचित वाकतं, ज्योतीच्या बाहेरच्या कडेत येतं आणि जळून जातं. ही विणीची वात १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये निघाली. त्याआधी मेणबत्तीपाशी कात्री घेऊन बसावं लागे. घरची वात देवापुढेच ठेवा, तिथे तिला तोड नाही.

सुगंधाच्या बाबतीत दुसरी चूक. स्वयंपाकघरात केवड्याचं पाणी होतं, ते घातलं. मेणात पाणी मिसळत नाही. ते थेंब थेंब होऊन बुडाशी जाऊन बसलं आणि ज्योत तिथवर पोचल्यावर मेणबत्ती तडतडायला लागली, मोहरीच्या फोडणीसारखी. गुलाबपाणी, केवडा, खाण्याचे इसेन्स यांतलं काही चालत नाही. बाटलीवर मेणबत्तीसाठी असल्याचं लिहिलेलं हवं. सुरुवातीला एकच वास घ्या. मी खस घेतला, कारण तो आमच्या कूलरच्या ताट्यांमुळे घरादाराच्या ओळखीचा आणि बिघडला तर सगळ्यांना कळणारा. वर वाळलेल्या गुलाबपाकळ्या पेरायचा मोह होईल. पाकळी वितळलेल्या मेणात वाहत वातीपाशी जाते आणि दुसरी वात होऊन पेटते. पाकळ्या नकोत.

आता कृती.

आधी माप. ग्लास काट्यावर ठेवून काटा शून्य करा आणि काठाखाली बोटभर जागा राहील एवढं पाणी भरा. पाणी १५० ग्रॅम भरलं तर मेण साधारण १३५ ग्रॅम लागेल, कारण मेण पाण्याहून हलकं. दहा भागांना नऊ भाग धरा. सुगंधी तेल मेणाच्या ६ टक्के, म्हणजे इथे ८ ग्रॅम. चमच्याने मोजू नका, तेलांची घनता सारखी नसते. "थोडं जास्त घातलं तर जास्त घमघमेल" हा हिशेब स्वयंपाकातला आहे. मेणाला पेलवेल त्याहून जास्त तेल घातलं की ते वर तरंगतं, ग्लासाला ओशटपणा येतो आणि ज्योत धूर टाकते. पाणी ओतून ग्लास कोरडा, अगदी खडखडीत कोरडा पुसा.

वातीच्या टिकलीला वितळलेल्या मेणाचा थेंब लावून ती ग्लासाच्या बुडाला मधोमध चिकटवा. वरचं टोक कपडे वाळत घालायच्या चिमट्यात धरून चिमटा काठावर आडवा ठेवा. तीन ग्लासांत तीन वेगळ्या जाडीच्या वाती लावा आणि कोणती कुठे ते ग्लासाच्या बुडाला कागद चिकटवून लिहून ठेवा. नंतर आठवत नाही.

गंजात चार बोटं पाणी तापवा आणि मेणाचं भांडं त्यात ठेवा. मेण थेट गॅसवर कधीही नाही. थेट आचेवर ते नकळत तापत जातं आणि फार तापलं की पेट घेतं. मेणाने पेट घेतलाच तर पाणी टाकू नका, भडका वर येतो. गॅस बंद करून भांड्यावर घट्ट झाकण ठेवायचं. ते झाकण आधीपासून हाताशी हवं. मेण वितळत असताना ओट्यापासून हलू नका, फोन आला तरी. पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर गॅस फडफडतो.

मेण तेलासारखं पारदर्शक झालं की थर्मामीटर घाला. ८० अंशांच्या आसपास गॅस बंद करून भांडं बाहेर काढा, बूड पुसा. पाण्याचा एक थेंबही ग्लासात जायला नको. मग मोजलेलं सुगंधी तेल घाला आणि सावकाश, फेस न आणता, घड्याळ लावून २ मिनिटं ढवळा. ही २ मिनिटं फार मोठी वाटतात. मी पहिल्यांदा वीस सेकंदांत आटोपलं, तेव्हा सगळा खस ग्लासाच्या तळाशी गेला आणि वरची अर्धी मेणबत्ती वासाविना जळली.

मेण ५५ ते ६० अंशांवर आलं की ओता. ते कडेने किंचित दुधाळ दिसायला लागतं, तीच वेळ. बारीक धारेने, वातीवर न ओतता. तुमच्या मेणाच्या पाकिटावर आकडा वेगळा असेल तर पाकिटाचं ऐका. हवेचं मात्र माझं ऐका.

हवेचं असं. उन्हाळ्यातली माझी पहिली खेप एप्रिलमधली. ओतून झाल्यावर लवकर घट्ट व्हावं म्हणून ग्लास कूलरपुढे ठेवले. वरचा थर आधी गोठला, आतलं मेण नंतर आकसलं, आणि वातीभोवती खड्डा पडून वरचं तोंड उन्हात भेगाळलेल्या काळ्या जमिनीसारखं झालं. कूलर, पंखा, फ्रिज यांतलं काहीच नको. ग्लासांमध्ये दोन-दोन बोटं अंतर ठेवून, वर खोका पालथा घालून, रात्रभर हलवू नका. थंडीत उलटं करावं लागतं. डिसेंबरात ग्लास ओतण्याआधी कोमट करून घ्या. गार काचेला मेण लागलं की काचेवर ओले दिसणारे डाग पडतात आणि पृष्ठभागावर पांढरी बुरशीसारखी नक्षी येते. ती बुरशी नव्हे. सोयाबीनचं मेण असंच कणीदार गोठतं. जळण्यात काही फरक पडत नाही. दिसायला खपत नसेल तर पांढऱ्याऐवजी रंगीत ग्लास घ्या.

खड्डा पडलाच तर राखून ठेवलेलं थोडं मेण तापवून वर ओता. म्हणून १० ग्रॅम मेण नेहमी जास्तीचं वितळवा.

पॅराफिनची मेणबत्ती आज केली तर लवकरच पेटवता येते. सोयाबीनच्या मेणाला धीर लागतो. लोणच्यासारखं मुरू द्यायचं, झाकण घालून, अंधारात, १० ते १४ दिवस. दुसऱ्याच दिवशी पेटवून "वासच येत नाही" म्हणून मी सुगंधी तेलाला नावं ठेवली होती. त्याच खेपेचा उरलेला ग्लास पंधरवड्याने पेटवला तर वास माजघरापर्यंत गेला.

पेटवण्याआधी वात ५ मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी ठेवून कापा. पहिल्यांदा पेटवाल तेव्हा वितळलेलं मेण काठापर्यंत पोचेस्तोवर विझवू नका. दोन-अडीच तास लागतात. आधीच विझवली तर पुढच्या वेळी ती तेवढ्याच वर्तुळात जळते आणि मधे विहीर खणल्यासारखी खाली जाते. तीन तासांनीही काठ गाठला नाही तर वात बारीक आहे. तासाभरातच काठ गाठला, ज्योत उंच, ग्लासाला हात लावता येत नाही, तर वात जाड आहे. तिन्ही ग्लास शेजारी ठेवून पाहा. माझ्या सातव्या ग्लासाला जोडी जमली, आणि ग्लासाचं माप बदललं तेव्हा पुन्हा पहिल्यापासून. एका वेळी चार तासांपेक्षा जास्त जाळायची नाही, बुडाशी बोटभर मेण उरलं की ती संपली असं समजायचं, आणि पडदा, पोरं, मांजर यांपासून दूर.

उरलेलं मेण मोरीत ओतू नका, नळीत गोठतं. भांडं कोमट असतानाच जुन्या कागदाने पुसून घ्या, मग गरम पाणी आणि साबण.

सोयाबीनची मेणबत्ती धूर करत नाही, पूर्णपणे नैसर्गिक असते, असं विकणारे सांगतात. वात लांब ठेवली की तीही काळा धूर काढते, आणि बाटलीतला खस बहुतेक वेळा कारखान्यातलाच असतो. आवडते म्हणून करा, औषध म्हणून नको.

राहता राहिला उन्हाळा. कंटेनरचं मेण ४५ ते ५० अंशांच्या दरम्यान वितळायला लागतं. टिनाच्या छपराखालची दुपार त्याच्या फार जवळ असते. मे महिन्यात खिडकीत ठेवलेल्या माझ्या दोन मेणबत्त्यांना तेलाचा घाम फुटला आणि वात लग्नातल्या थकलेल्या मामासारखी एका बाजूला कलली. पाठवलेलं एक पार्सल तर नुसतं खसाचं तूप होऊन पोचलं. आता मी दसरा ते संक्रांत एवढ्याच काळात करते. तेव्हा हवा बरी असते आणि दिवाळीही त्यातच येते. उरलेल्या मेणबत्त्या माठाशेजारच्या खालच्या फळीवर, कापडात गुंडाळून ठेवते. घरात तीच एक गार जागा.

पहिली मेणबत्ती कुणाला भेट देऊ नका. ती घरीच ठेवा आणि संध्याकाळी लाईन गेली की पेटवा.