निवृत्तीनंतर घरची बेकरी : नाशिकमध्ये खर्च किती, उरते किती

नाशिकरोडच्या प्रेसमधून, ओझरच्या एचएएलमधून, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून आणि शहरातल्या शाळा-बँकांतून दरवर्षी माणसे निवृत्त होतात. त्यांच्यातल्या कितीतरी घरांत केक-बिस्किटांचा हात चांगला बसलेला असतो. नातवाच्या वाढदिवसाला केलेला केक शेजारी उचलून धरतात आणि मग कोणीतरी म्हणते, ‘विकत का देत नाही?’ द्यायला काहीच हरकत नाही. पण त्याआधी एक वही घ्या आणि हिशेब मांडा. या धंद्यात बहुतेक जण ओव्हनच्या किमतीची चिंता करतात आणि स्वतःच्या मजुरीचा आकडा कुठेच लिहीत नाहीत.

सुरुवातीची गुंतवणूक फार नाही. 40 ते 60 लिटरचा ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, साधारण 8 ते 14 हजारांत येतो. हँड मिक्सर दोन-अडीच हजार, ग्रॅममध्ये मोजणारा वजनकाटा पाचशे ते हजार. टिन, ट्रे, जाळ्या, हवाबंद डबे आणि ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर यांना मिळून चार-पाच हजार धरा. मोठा स्टँड मिक्सर पहिल्या वर्षी घेऊ नका. महिन्याला ठरलेल्या ऑर्डरी येऊ लागल्या की मगच घ्या. पहिल्या दोन महिन्यांचे साहित्य आणि खोकी धरून 25 ते 35 हजारांत काम सुरू होते. फंडाच्या किंवा ग्रॅच्युइटीच्या पैशाला याहून जास्त हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कॉलेज रोडला गाळा भाड्याने घेण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो या वयात मानू नका.

गॅस ओव्हनचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा. घरगुती 14.2 किलोचा सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही, त्यासाठी 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर लागतो. घरून थोडे काम करणाऱ्याला विजेचा ओव्हनच सोयीचा. पण घरचा नेहमीचा इन्व्हर्टर तो ओढू शकत नाही, म्हणून मोठ्या ऑर्डरीच्या दिवशी वीज गेली तरी पुरेल एवढा वेळ हाताशी राखा.

विजेच्या बिलाचा एक नियम घरून काम करणाऱ्यांच्या फायद्याचा आहे. राहत्या घराच्या एका भागात व्यवसाय चालत असला, तरी महिन्याचा वापर 300 युनिटांपर्यंत आणि आधीच्या आर्थिक वर्षातला वापर 3,600 युनिटांपर्यंत असेल, तर महावितरणचा घरगुती दरच लागू राहतो. आठवड्यातून चार-पाच दिवस दोन युनिट जाळली, तरी महिन्याला चाळीसच्या आसपास भर पडते. दोघांच्या घराला ती जड नाही. उन्हाळ्यात एसी चालतो त्या महिन्यांत मात्र मीटरकडे लक्ष हवे.

आता परवाना. विकण्यासाठी खाद्यपदार्थ करणाऱ्या प्रत्येकाला, मग तो स्वयंपाकघरातून का होईना, 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. 2011 च्या नियमांनी वर्षाला 12 लाखांपर्यंतच्या उलाढालीसाठी साधी नोंदणी ठेवली आणि तिचे शुल्क वर्षाला 100 रुपये ठरवले. शुल्क आणि मर्यादा बदलत असतात, म्हणून अर्ज भरताना ‘फॉसकॉस’ या सरकारी संकेतस्थळावर दिसेल तो आकडा प्रमाण माना. फोटो, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा एवढ्यावर काम होते. एजंटला हजार-दोन हजार देण्याचे कारण नाही, मुलगा किंवा सून अर्ध्या तासात भरून देईल. अडचण आली तर अन्न व औषध प्रशासनाचे विभागीय कार्यालय नाशिकमध्येच आहे. नोंदणीचा 14 अंकी क्रमांक वेष्टनावर आणि बिलावर छापायचा असतो.

लघुउद्योगांसाठीची उद्यम नोंदणी मोफत आहे. दुकाने-आस्थापनांच्या 2017 च्या कायद्यात मोजकेच कामगार असतील तर फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. वस्तू विकणाऱ्याला वर्षाला 40 लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. मात्र राज्याबाहेर माल विकायला लागलात, तर उलाढाल कितीही असो, ती लागते. सुरतच्या भाचीने दिवाळीला वीस खोकी विकत मागवली तरी हा नियम आडवा येतो. 22 सप्टेंबर 2025 पासून लोणी, तूप आणि चॉकलेटवरचा कर 5 टक्क्यांवर आला आहे, तो फायदा खरेदीच्या बिलात दिसतो का ते पाहा. सोसायटीत राहत असाल तर कमिटीला आधीच लेखी कळवा. पती किंवा पत्नी अजून सरकारी नोकरीत असेल, तर घरच्या व्यवसायाची माहिती त्यांच्या कार्यालयालाही द्यावी लागते.

काय करायचे यावर धंद्याचे गणित बसते किंवा बिघडते. क्रीमचा केक दिसायला देखणा, पण तो त्याच दिवशी सजवायचा, तास-दोन तास उभे राहायचे आणि मे महिन्याच्या चाळीस अंशांत गंगापूर रोडहून नाशिकरोडला पोचवायचा. साठीनंतरच्या गुडघ्यांना हे रोज झेपत नाही. त्यापेक्षा नानकटाई, बिस्किटे, टोस्ट, सुका चहाकेक बरा. हे पदार्थ टिकतात, डब्यात बसतात आणि सवडीने करता येतात. नाशिकला तर नागली, म्हणजे नाचणी, हाताशी आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीच्या डोंगरपट्ट्यातली ती नागली इथल्या लोकांना ओळखीची आहे आणि तिच्या नानकटाईला गिऱ्हाईक मिळते. सुरगाणा-कळवणची स्ट्रॉबेरी थंडीत येते, तेव्हा थोडे केक हौसेने करा.

एक किलो नागलीच्या नानकटाईचा हिशेब पाहू. भाव ढोबळ आहेत, तुमच्या दुकानाचे भाव घालून पुन्हा मांडा. नागलीचे पीठ पाव किलो 20 रुपये, कणीक 200 ग्रॅम 10, बेसन 50 ग्रॅम 5. साजूक तूप 350 ग्रॅम, किलोला 650 धरले तर 228. पिठीसाखर 300 ग्रॅम 17. वेलदोडा, जायफळ, पिस्त्याचे काप 25. साहित्य झाले 305 रुपयांचे. तीन ट्रे भाजायला तापवण्यासकट सव्वा तास, साधारण दीड युनिट, 12 रुपयांनी 18. अर्ध्या किलोची दोन खोकी, लेबले, पिशवी 35.

नागलीत ग्लुटेन नसते, म्हणून कणीक मिसळूनही कडा ढासळतात. त्या तुटीचे 15 धरा. शिवाय पीठच तपकिरी, त्यामुळे भाजल्याचा रंग वरून कळत नाही. एक नानकटाई उलटी करून तळ पाहायचा आणि ओटीजीची मागची बाजू जास्त तापते म्हणून अर्ध्या वेळात ट्रे फिरवायचा. हे चुकले की अख्खा ट्रे घरीच खावा लागतो.

इथवर बेरीज 373. आता मळणे, वळणे, भाजणे, भरणे आणि भांडी यांचे दोन तास. तासाला 100 रुपये, म्हणजे 200. यंत्रांची झीज 20. एकूण 593. त्यावर वीस टक्के नफा लावला की किलोला 710, म्हणजे अर्ध्या किलोचे खोके 355 रुपयांना. ‘साहित्याच्या दुप्पट’ हा सगळीकडे सांगितला जाणारा नियम लावला असता तर भाव 610 झाला असता आणि हाती मजुरीवर 17 रुपये उरले असते. तेही साजूक तुपाची नानकटाई ओळखीत ‘थोडी कमी करून’ मागितली नाही तर. ओळखीच्यांना सवलत द्यायची असेल तर नफ्यातून द्या, मजुरीतून देऊ नका. एका वेळी दोन किलोचा घाणा काढला तर मजुरी किलोमागे दीडशेवर येते. तूप महाग म्हणून वनस्पती वापरलेत तर लेबलवर तसे लिहा.

लेबलवर घटक, वजन, किंमत, तयार केल्याची आणि वापरायची अंतिम तारीख हवी. गहू, दूध, सुकामेवा यांचा उल्लेख ॲलर्जीवाल्यांसाठी करायचाच. अंडे घातलेला केक नियमाने मांसाहारी ठरतो, त्याला हिरवा ठिपका लावता येत नाही. आणि आपल्या वयाच्या गिऱ्हाइकांना फसवू नका : गूळ घातलेल्या बिस्किटाला ‘शुगर-फ्री’ म्हणता येत नाही. शंभर ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमहून जास्त नसेल तरच तो शब्द वापरता येतो. मधुमेही माणूस त्या एका शब्दावर विश्वास ठेवून खातो.

विक्रीसाठी जाहिरात लागत नाही. कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक, गोल्फ क्लब मैदान, ज्येष्ठ नागरिक संघ, सोसायटीचा व्हॉट्सॲप गट इथूनच पहिली गिऱ्हाइके मिळतात. पैसे आगाऊ घ्या आणि यूपीआयने घ्या. त्याचा करातही उपयोग आहे. अनुमानित उत्पन्नाच्या पद्धतीत बँकेतून आलेल्या विक्रीच्या 6 टक्के आणि रोखीच्या 8 टक्के उत्पन्न धरले जाते; म्हणजे तीन लाखांची विक्री यूपीआयने झाली तर 18 हजार पेन्शनमध्ये मिळवायचे. विवरणपत्र मात्र बदलते, साध्या ‘सहज’ऐवजी ‘सुगम’ भरावे लागते. शिवाय धंद्याचे उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठांना आगाऊ करातून जी सूट असते ती धंदा सुरू केल्यावर राहत नाही. देय कर दहा हजार किंवा जास्त असेल तर तो 15 मार्चपर्यंत भरायचा असतो. हे बऱ्याच जणांना दंडाचे व्याज लागल्यावर कळते.

अन्नसुरक्षा नोंदणीच्या अर्जावर सात दिवसांत निर्णय व्हावा असा नियम आहे, पण तपासणी निघाली तर महिना जाऊ शकतो. म्हणून दिवाळीच्या ऑर्डरी घ्यायच्या असतील तर गणपतीच्या आधीच अर्ज भरून टाका, आणि क्रमांक हातात येईपर्यंत कोणाकडूनही पैसे घेऊ नका.