परगावच्या ग्राहकास घर विकताना : इंदूरमधील अनुभवावरून

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना विपणनाचे चार घटक पाठ असतात : वस्तू, किंमत, वितरण आणि विक्रयवृद्धी. जेरोम मॅकार्थी या अमेरिकन प्राध्यापकांनी १९६० मध्ये केलेली ही मांडणी साबण, सायकल, कापड अशा मालाला चांगली लागू पडते. परंतु घर ही वस्तू या चौकटीत बसवू लागलो की तिसऱ्या घटकापाशी अडचण येते. घर दुकानात मांडता येत नाही, की ग्राहकाच्या गावी पाठवता येत नाही. ग्राहकालाच घरापाशी यावे लागते. मग हा ग्राहक आठशे-हजार किलोमीटरवर राहत असेल, त्याला रजा मिळत नसेल आणि त्याने आपले आयुष्यभराचे पैसे या एका खरेदीसाठी बाजूला काढलेले असतील, तर विक्रेत्याने काय करावे? प्रस्तुत लेखात या एका प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. अध्यापनाकडे वळण्यापूर्वी इंदूरला माझ्या मामांच्या घरविक्रीच्या व्यवसायात मी तीन वर्षे काम केले. तेथे जे शिकलो, आणि जे चुकलो, तेच येथे सांगत आहे.

इंदूर हे या अभ्यासाला सोयीचे शहर आहे, कारण ते मुळातच बाहेरून आलेल्यांनी वाढवलेले आहे. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी महेश्वरहून इंदूरला आली आणि दरबाराच्या आश्रयाने अनेक मराठी कुटुंबे येथे स्थिरावली. राजवाड्याभोवतालचे जुने वाडे, पुढे राजेंद्रनगर, लोकमान्यनगर अशा वसाहती या ठिकाणी मराठी आजही कानावर पडते. अलीकडच्या काळात पीथमपूरचे कारखाने, १९९६ साली निघालेली व्यवस्थापन संस्था, २००९ साली आलेली आय.आय.टी. आणि सुपर कॉरिडॉरवरील संगणक कंपन्या यांमुळे नोकरदारांचा ओघ सुरू आहे. स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात २०१७ ते २०२३ अशी सलग सात वर्षे इंदूर पहिले आले. (शेवटच्या वर्षी हा मान सुरतेबरोबर विभागून मिळाला.) साहजिकच घरांच्या जाहिरातीत 'देशातील सर्वांत स्वच्छ शहरात आपले घर' हे वाक्य हमखास असते. ते वाक्य शहराविषयी आहे, घराविषयी नाही, हे परगावच्या वाचकाच्या लक्षात येत नाही.

माझी चूक

मामांकडे गेल्यावर घरांची वर्णने लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. पदवी ताजी होती आणि लिहिण्याची हौसही होती. शहराच्या पश्चिम भागातील एका तळमजल्याच्या घराचे वर्णन मी लिहिले. त्यात 'भरपूर पाणी' असे दोन शब्द घातले. ते अगदी खोटे नव्हते. मी जानेवारीत घर पाहिले तेव्हा पाणी भरपूर होते. नर्मदेचे पाणी नळाला एक दिवसाआड येई आणि मधल्या दिवसांची गरज बोरिंग भागवी. हे बोरिंग एप्रिल लागला की आटते, हे शेजाऱ्यांनी मला सांगितले होते. मी ते लिहिले नाही.

आपल्याच सीमाभागातील एका निवृत्त शिक्षकांनी ते घर घेतले. मुलगी इंदूरला नोकरीस होती, तिच्याजवळ राहावे एवढीच त्यांची इच्छा. छायाचित्रे व माझे वर्णन पाहून त्यांनी निर्णय केला, एकदाच येऊन खरेदीखत केले आणि मेमध्ये सामान घेऊन आले. आठ दिवसांनी काही कागद द्यायला मी गेलो, तर गल्लीत टँकर उभा होता. त्यांच्या पत्नी, ज्यांचे गुडघे दुखत हे मला फोनवरच्या बोलण्यातून माहीत होते, दोन बादल्या घेऊन रांगेत होत्या. मी ओशाळून काहीतरी बोलू लागलो. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "आधी सांगितलं असतंत, तर आम्ही टाकी बांधूनच आलो असतो की!"

या वाक्यात विपणनाचा एक संपूर्ण धडा आहे. पाण्याची अडचण सांगितली तर ग्राहक जाईल, असे मी धरून चाललो होतो. ग्राहक गेला नसता. त्याने किमतीत थोडी घासाघीस केली असती, तळटाकी बांधली असती आणि मग आला असता. सांगितलेला दोष हा खर्चाचा एक आकडा असतो. लपवलेला दोष कुणाच्या तरी गुडघ्यांवर जाऊन पडतो. मामांनी मला बोल लावला नाही. त्यांनी आपल्या दलालीतून टाकी बसवून दिली आणि त्या विकलेल्या घराचे वर्णन मला नव्याने लिहावयास लावले.

शास्त्र आणि कायदा काय म्हणतो?

जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे २००१ मध्ये त्यांना मिळालेल्या नोबेल पारितोषिकामागे हेच काम होते. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा : मालाचा दोष विक्रेत्याला माहीत आणि खरेदीदाराला नाही, अशी स्थिती असेल तर खरेदीदार सगळ्याच मालाला दोषी समजून कमी किंमत देऊ करतो. मग चांगला माल असणारे बाजारातून निघून जातात आणि वाईट तेवढा उरतो. घराच्या बाबतीत अंतर जितके जास्त, तितकी ही माहितीची तफावत मोठी. म्हणून परगावच्या ग्राहकाशी खरे बोलणे हे पुण्यकर्म तर आहेच, पण चांगल्या घराला चांगली किंमत मिळवण्याचा तोच मार्ग आहे.

'खरेदीदाराने आपले डोळे उघडे ठेवावेत' असे म्हणून विक्रेत्याला हात झटकता येत नाहीत. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, मालमत्तेत किंवा तिच्या मालकी हक्कात असलेला जो महत्त्वाचा दोष विक्रेत्याला ठाऊक आहे, खरेदीदाराला ठाऊक नाही आणि त्याने सर्वसाधारण काळजी घेऊनही त्याला कळला नसता, तो उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. नव्या बांधकाम प्रकल्पांसाठी २०१६ चा स्थावर संपदा कायदा, ज्याला सर्वजण 'रेरा' म्हणतात, आणखी पुढे जातो. नोंदणीपात्र प्रकल्पाची नोंदणीपूर्वी जाहिरात करता येत नाही. नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. जाहिरातीतील किंवा नमुना सदनिकेतील खोट्या माहितीवर विसंबून कोणी पैसे भरले व त्याचे नुकसान झाले, तर कलम १२ नुसार त्याला भरपाई मागता येते. व्यवहारातून बाहेर पडावयाचे असल्यास पैसे व्याजासह परत मागता येतात. जुन्या घराच्या पुनर्विक्रीस मात्र हे संरक्षण नाही. तेथे १८८२ चा कायदा आणि विक्रेत्याचा शब्द, एवढेच.

माहितीपत्रक कसे करावे?

त्या मे महिन्यानंतर आम्ही प्रत्येक घरासाठी एक माहितीपत्रक करू लागलो. त्यात गुणांआधी उणिवा लिहावयाच्या, असा मामांचा दंडक होता. इंदूरपुरते त्याचे मुख्य भाग असे :

पहिला भाग पाण्याचा. १९७८ पासून नर्मदेचे पाणी सुमारे सत्तर किलोमीटरवरील जलूदहून, विंध्याचा चढ चढवून इंदूरला आणले जाते. म्हणून नळ किती दिवसांनी, किती वाजता आणि किती वेळ येतो, बोरिंग किती खोल आहे, ते कोणत्या महिन्यात आटते, मागच्या उन्हाळ्यात टँकर लागले का, हे शेजारच्या दोन घरांत विचारून लिहावे.

दुसरा भाग जमिनीचा. माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया पुरेसा खोल नसेल तर भिंतींना तडे जातात. गिलाव्याचे केसासारखे बारीक तडे आणि दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यातून तिरपे निघणारे रुंद तडे यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारचा तडा दिसल्यास त्याचे छायाचित्र शेजारी पट्टी धरून पाठवावे. नव्या रंगाखाली तो झाकू नये.

तिसरा भाग कागदपत्रांचा, आणि येथे भाषेचीही अडचण असते. महाराष्ट्रातील माणूस सातबारा आणि फेरफार विचारतो, बेळगावकडचा आर.टी.सी. किंवा उतारा विचारतो, तर इंदूरला खसरा आणि नामांतरण असे शब्द ऐकू येतात. आपण खरेदीखत म्हणतो, ते तेथे 'रजिस्ट्री'. आपला इसार तो तेथला 'बयाना'. शेतजमीन बिगरशेती झाली की नाही, हे विचारताना तेथे 'डायव्हर्शन झाले का' असे विचारावे लागते. शब्द अनोळखी असला की माणूस लाजून मान हलवतो आणि प्रश्न राहून जातो. म्हणून पत्रकाच्या शेवटी अशा शब्दांची यादी दोन्हीकडच्या प्रतिशब्दांसह द्यावी. भूखंड मालकीचा की विकास प्राधिकरणाच्या भाडेपट्ट्याचा, वसाहत वैध की अवैध, हेही स्पष्ट लिहावे. गृहनिर्माण संस्थांच्या भूखंडांचे वाद इंदूरमध्ये बरेच झालेले आहेत. तेव्हा पूर्वीच्या सर्व खरेदीखतांची साखळी वकिलास दाखवणे अत्यावश्यक आहे.

चौथा भाग मापाचा. समजा, 'सुपर बिल्टअप' १००० चौरस फुटांची सदनिका ४० लाखांना आहे. दर ४००० रुपये फूट वाटतो. पण आतील वापराचे चटई क्षेत्र ७०० फूट असेल, तर खरा दर ५७१४ रुपये पडतो. परगावच्या ग्राहकाला चटई क्षेत्र आणि प्रत्येक खोलीची आतली लांबी-रुंदी कळवावी. त्याचे जुने कपाट मावते की नाही, हे त्याला त्यावरूनच समजते.

चालून दाखवणे

स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबारासाठी केलेला इंदूरचा अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी पाहणी, मग आराखडा, हे त्यांचे सूत्र होते, आणि शहर पायी फिरून पाहिल्याखेरीज त्यावर उपाय सुचवू नये असा त्यांचा आग्रह असे. घर विकणाऱ्यानेही हेच करावे. छायाचित्र कोपऱ्यात उभे राहून घेतले की लहान खोली दिवाणखाना होते. त्यापेक्षा फोनवरील व्हिडिओ बरा. पण तो घराच्या दारातून सुरू करू नये. मुख्य रस्त्यापासून चालत निघावे, गल्लीची रुंदी, उघडे गटार, शेजारचे मंगल कार्यालय, सारे दिसू द्यावे. घरात नळ सोडून दाखवावा. मग खिडकी उघडून अर्धा मिनिट काहीच बोलू नये, म्हणजे आवाज ग्राहकाला ऐकू येईल. हीच फेरी सकाळी, भर दुपारी आणि रात्री अशी तीनदा करावी. घर पावसाळ्यात दाखवता आले तर उत्तमच.

पैशांचा टप्पा येतो तेव्हा ग्राहकाला घाई करू नये. तो स्वतः येऊ शकत नसेल तर मुखत्यारपत्र लागते. नोंदणी कायद्याप्रमाणे त्याने ते आपल्या राहत्या भागातील दुय्यम निबंधकासमोर करून प्रमाणित करून घ्यावे. मात्र केवळ मुखत्यारपत्राच्या आधारे घराची मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे. मालकी मिळते ती नोंदणीकृत खरेदीखतानेच. ५० लाख किंवा त्याहून अधिक किमतीच्या घरावर १ टक्का कर कापून भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते. विक्रेता परदेशात स्थायिक झालेला असेल, आणि इंदूरच्या जुन्या मराठी घरांत आज असे वारस पुष्कळ आहेत, तर हा १ टक्क्याचा नियम लागू होत नाही आणि कपात बरीच अधिक असते. हे विक्रेत्याच्या बाजूने आधी सांगितले गेले, तर व्यवहार शेवटच्या दिवशी मोडत नाही.

या पद्धतीने विक्री वाढते काय, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. प्रामाणिकपणे सांगतो, पत्रक वाचून काही ग्राहक परत गेले. एक घर तर त्यामुळे सात महिने पडून राहिले आणि मालक आमच्यावर नाराज झाला. पण जे ग्राहक आले ते ठरवून, तयारी करून आले. बयाना दिल्यावर मागे फिरणारे जवळजवळ उरले नाहीत, आणि घर घेतल्यानंतर आमचा फोन आला की ते उचलत असत. या धंद्यात ही गोष्ट लहान नाही.

जवळचा ग्राहक आपल्या डोळ्यांनी घर पाहतो, दूरचा आपल्या डोळ्यांनी पाहतो, म्हणजे विक्रेत्याच्या. आपले डोळे दुसऱ्याला उसने देताना त्यांवर पडदा ओढण्याचा अधिकार आपल्याला नाही. चार घटकांच्या यादीत हा कोठे बसतो ते मला सांगता येत नाही, पण वर्गात ती यादी शिकवताना गल्लीतील तो टँकर मला दर वेळी आठवतो.