मातीविना भाजीपाला : झातरी छावणीतील प्रयोग

शेतकऱ्याला गाव सोडावे लागले, तरी शेतीचे ज्ञान त्याच्याबरोबर जाते. जमीन व पाणी मात्र मागेच राहतात. अशा प्रसंगी विद्यापीठातील संशोधन कसे उपयोगी पडते, हे जॉर्डनमधील झातरी छावणीच्या उदाहरणावरून कळून येईल.

सिरियातील युद्धामुळे देशोधडीला लागलेल्या लोकांसाठी ही छावणी जुलै २०१२ मध्ये उघडण्यात आली. पुढे तेथे सुमारे ८० हजार लोक राहू लागले. त्यांतील बरेचसे दरा या शेतीप्रधान प्रांतातील होते. छावणीची जागा मात्र वाळवंटी. शिवाय जॉर्डनमध्ये पाण्याचे कायमचे दुर्भिक्ष असून उपलब्ध पाण्यापैकी जवळजवळ निम्मे पाणी शेतीस लागते. त्यामुळे निर्वासितांनी भाजीपाल्यासाठी पाणी वापरावयाचे, तर यजमान लोकांच्या वाट्यास तितके कमी येणार, हा खरा पेच होता.

इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठात प्रा. टोनी रायन व प्रा. डंकन कॅमेरॉन यांनी फोममध्ये रोपे वाढविण्याचा अभ्यास केला होता. छावणीत फोमच्या जुन्या गाद्या टाकून दिल्या जात. त्यांचे तुकडे टाकाऊ डब्यांत भरून टोमॅटो, मिरची, वांगी, पुदिना अशी पिके घेण्यात आली.

यामागील तत्त्व सोपे आहे. माती पिकासाठी चार कामे करते : मुळांना आधार देणे, ओल धरणे, हवा खेळती ठेवणे व अन्नद्रव्ये पुरविणे. फोमच्या बारीक छिद्रांमुळे पहिली तीन कामे साधतात. चौथे काम फोमकडून होत नाही; म्हणून अन्नद्रव्ये पाण्यात विरघळवून द्यावी लागतात. पाणी खोल मुरून वाया जात नाही. जमिनीतील लागवडीच्या मानाने ७० ते ८० टक्के पाणी वाचते, असे संशोधकांना आढळून आले.

या कामी निर्वासित केवळ मजूर नव्हते. फोमचे गुणधर्म शास्त्रज्ञांना ठाऊक होते; पिकाची निगा राखण्याचा अनुभव शेतकऱ्यांपाशी होता. दोहोंचा मेळ बसला तेव्हाच प्रयोगशाळेतील गोष्ट उघड्या उन्हात टिकली. पुढे एक हजारावर निर्वासितांना हे शिक्षण देण्यात आले.

या पद्धतीच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. तिच्यापासून घरापुरता ताजा भाजीपाला मिळतो. धान्याची गरज भागत नाही. अन्नद्रव्यांचा पुरवठा थांबला की पीकही थांबते. द्रावण प्रमाणाबाहेर तीव्र झाल्यास मुळांना इजा होते, आणि ते उजेडात उघडे राहिल्यास त्यावर शेवाळ धरते.

ग्रामसेवकांनी यातून घ्यावयाचा बोध असा : गावी नवी पद्धत नेण्यापूर्वी तेथे टाकाऊ काय आहे, टंचाई कशाची आहे आणि लोकांना आधीपासून काय येते, हे प्रथम विचारावे. शेजाऱ्याच्या पाण्यास धक्का न लावता जे पिकते, तेच दोन्ही घरांना गोड लागते.