थप्पी, गंजी आणि ‘लोडिंग’

तेलंगणातल्या आदिलाबादच्या बाजारात कापसाची गाडी उभी राहिली की तिच्याभोवती मराठी, तेलुगू, दखनी असे सगळेच ऐकू येते. पैनगंगेच्या दोन्ही काठांवर मराठी माणूस आहे, आणि बोलताना कुणाचे काही अडत नाही. अडते ते कागदावर. जिनिंगचा करार, गोदामाची नियमावली, ट्रकची पावती असे इंग्रजी वळणाचे कागद मराठीत आणायचे असले की ‘लोडिंग’, ‘अनलोडिंग’ आणि ‘स्टॅकिंग’ हे तीन शब्द तसेच्या तसे देवनागरीत उतरवून पुढे सरकण्याचा मोह होतो. हे काम हाती घेणाऱ्यांना माझे सांगणे आहे की हा मोह आवरा. या प्रत्येक शब्दाच्या पोटात चार-पाच निरनिराळी कामे असतात, आणि जे काम कागदावर नावानिशी आलेले नाही त्याची मजुरी हमालाला भांडून घ्यावी लागते, नाहीतर सोडून द्यावी लागते.

पुरावा हवा असेल तर महाराष्ट्राचा १९६९ चा माथाडी कायदा काढून पाहा. तो तेलंगणात लागू नाही, पण भाषांतर करणाऱ्याने शिकण्यासारखे त्यात पुष्कळ आहे. त्याच्या परिशिष्टात नुसते ‘मालाची चढउतार’ म्हणून भागवलेले नाही. चढवणे, उतरवणे, थप्पी लावणे, वाहून नेणे, तोलणे, मापणे, भरणे, शिवणे, निवडणे, साफ करणे, आणि वर या कामांच्या आगेमागे करावे लागणारे दुसरे कोणतेही काम, अशी लांबलचक रांग आहे. कायद्याची भाषा कंटाळवाणी असते म्हणून ही रांग लांबली असे मला वाटत नाही. या कायद्यामागे अण्णासाहेब पाटलांच्या माथाडी चळवळीचा रेटा होता, आणि बाजारात वावरलेल्या माणसाला ठाऊक असते की पोते गाडीतून खाली घेतले म्हणजे काम संपत नाही. ते वीस पावले आत न्यायचे कुणी, थप्पीवर चढवायचे कुणी, फाटले तर शिवायचे कुणी, असा प्रत्येक टप्प्याला वाद उभा राहू शकतो. एकेका क्रियापदाने त्या वादाचा एकेक दरवाजा बंद केला आहे. असा मजकूर ‘लोडिंग-अनलोडिंग इत्यादी’ असा मराठीत आणला, तर त्या ‘इत्यादी’त बऱ्याच जणांची मजुरी जाईल.

आता ‘स्टॅक’ घ्या. मराठीला या एका शब्दाबद्दल एकच शब्द मागितला तर ती गोंधळते, कारण ती आधी विचारते की काय रचले आहे. भांड्यांची उतरंड, नाण्यांची चळत, भाकरींची चवड, खळ्यावर धान्याची रास, कडब्याची गंजी, गोदामात पोत्यांची थप्पी. यांत अदलाबदल चालत नाही. पोत्यांची उतरंड म्हटले तर हमाल हसेल. तेलुगूतही हीच तऱ्हा आहे, गवताला ‘वामु’ आणि भांड्यांना ‘दोंतर’. दूरच्या लाटव्हियन भाषेने वेगळी वाट धरली: तिथे ‘क्राउत’ हा एकच धातू, त्याला निरनिराळे उपसर्ग लावले की आत भरणे, बाहेर काढणे, वर लादणे, एकावर एक रचणे असे अर्थ निघतात. म्हणजे तिथला भाषांतरकार ‘माल कोणत्या दिशेने चालला?’ असे विचारतो, आपण ‘माल कोणता?’ असे विचारतो. इंग्रजी मजकूर या दोन्ही प्रश्नांची उत्तरे पुष्कळदा देत नाही. तेव्हा ती मजकुराच्या आसपास, म्हणजे मालाच्या यादीत, दरपत्रकात किंवा गोदामाच्या नकाशात, शोधावी लागतात.

थप्पी आणि गंजी यांतला फरक नुसता शोभेचा नाही. थप्पीला हिशेब असतो. सरकारी धान्याच्या गोदामात एका थप्पीची जागा साधारण तीस फूट बाय वीस फूट आखलेली असते. खाली लाकडी फळ्या किंवा क्रेट, म्हणजे जमिनीची ओल वर चढत नाही. एक थर उभा तर त्यावरचा आडवा, म्हणजे थर एकमेकांना धरून राहतात. कडेच्या पोत्यांची शिवलेली तोंडे आतल्या बाजूला. आणि थप्पी-थप्पीत माणूस फिरेल एवढी वाट. एका थरातली पोती मोजली, थर मोजले, गुणाकार केला की माल कळतो. गंजीचे असे नाही. सुटा कापूस गाडीतून उतरून जिनिंगच्या आवारात पडतो तो गंजीने. तिथे पोती नाहीत, थर नाहीत, मोजमाप काट्यावरच झालेले असते. जिनिंग होऊन रुईची गाठ बांधली गेली, भारतात ती साधारण १७० किलोची धरतात, की पुन्हा थर आणि मोजणी सुरू. म्हणजे एकाच आवारात एकच कापूस आधी गंजीत असतो आणि मग गाठींच्या थप्पीत. दोन्हींना ‘स्टॅक’ लिहिणाऱ्या कागदावरून कुणाला सांगता येणार की ‘स्टॅकपासून अंतर ठेवा’ ही आगीची सूचना कशाबद्दल आहे?

‘लोड’ची गोष्ट थोडी निराळी. तो मराठीत आधीच तीन ठिकाणी बसलेला आहे: बैठकीत तक्क्याशेजारी, विजेच्या खांबावर आणि पोरांच्या ‘लोड घेऊ नको’मध्ये. ट्रकच्या संदर्भात तो आला की मी आधी पाहतो की बोलणे वजनाचे आहे की आकाराचे. कापसाच्या बाबतीत हे फार महत्त्वाचे. कापूस फुगीर आणि हलका. दाबून, तुडवून भरला तरी गाडीच्या बाजू फुगतात आणि काट्यावर वजन हद्दीतच असू शकते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने हे दोन गुन्हे वेगळे ठेवले आहेत. वजन जास्त असेल तर २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००. माल बाजूने, पुढेमागे किंवा उंचीने हद्दीबाहेर आला तर वेगळ्या पोटकलमाखाली २०,०००. दोन्ही ठिकाणी जादा माल उतरवण्याचा खर्चही गाडीवाल्याच्या माथी. ड्रायव्हरसाठीच्या सूचनेत या दोन्हींना ‘ओव्हरलोड’ म्हटले तर तो काट्याची पावती दाखवत राहील आणि त्याला आपला गुन्हा कळणारच नाही. ‘जादा वजन’ आणि ‘बाहेर आलेला माल’ असे साधे लिहावे.

‘अनलोड’साठी इकडे सहज तोंडात येते ते ‘गाडी खाली करा’. दखनी आणि हिंदीच्या सवयीने इथे ‘खाली’ म्हणजे रिकामी. पुण्या-साताऱ्याकडून आलेल्या माणसाला ‘खाली’ म्हणजे जमिनीकडे. ‘गाडी खाली करा’ने तो गोंधळला तरी निभावते, ‘माल खाली करा’ने मात्र माल जमिनीवर ठेवून मोकळे व्हायचे की आत न्यायचे, हे उरतेच. अशा जागी ‘उतरवून थप्पीपर्यंत न्या’ असे लांब लिहिलेले बरे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: सगळेच ‘लोडिंग’ म्हणतात, मग तुमचा आग्रह कशाला? बोलण्यात माझा काहीच आग्रह नाही. बोलताना माणूस गाडीकडे बोट दाखवतो, समोरचा विचारतो, अर्थ तिथल्या तिथे भरून निघतो. कागदाला विचारता येत नाही. आणि इंग्रजी शब्द काढून त्याजागी संस्कृत घडणीचा जड शब्द बसवा, असेही मी म्हणत नाही. तो तर हमालालाही कळत नाही आणि मालकालाही नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: खोक्यांवर जागतिक चिन्हे छापलेली असतात, हमालाच्या लोखंडी आकड्यावर फुली, वर दाखवणारे बाण, रचलेली खोकी आणि एक संख्या, मग शब्द हवेतच कशाला? चिन्हे उपयोगी आहेत, आकडा लावू नका हे फुलीवरून कोणालाही कळते. पण संख्येच्या चिन्हापाशी घोटाळा होतो. पाच म्हणजे एकूण पाच की खालच्यावर पाच? जो अर्थ मुळात अभिप्रेत आहे तो शब्दांत मांडावाच लागतो: ‘पायाचे खोके धरून’ किंवा ‘पायाचे सोडून’.

दरपत्रकात तर नगाचे नावही जपून वापरावे लागते. ‘प्रति बॅग’ म्हटल्यावर बॅग केवढी? बऱ्याच ठिकाणी पोते मोठे आणि कट्टा त्याच्या निम्म्याच्या आसपास समजतात. युरियाची गोणी २०१८ मध्ये ५० किलोवरून ४५ वर आली. म्हणून नगाच्या नावापुढे किलो लिहिल्याशिवाय दर लिहू नये.

राहिला तेलुगूचा शेजार, आणि आदिलाबादेत तो टाळता येत नाही. विदर्भातली बंडी आणि तेलुगूतली बंडी एकच, तिथे सुख आहे. ‘हमाली’चे तसे नाही. मराठीत हमाल हा माणूस आणि हमाली हे त्याचे काम किंवा मजुरी. तेलुगूत ‘हमाली’ म्हणजे माणूसच. मजुरीला पुढे ‘चार्जी’ किंवा ‘कूली’ जोडावे लागते. दोन्ही भाषांच्या फलकावर एकाच ओळीत ‘हमाली : प्रति पोते’ लिहिले तर एकाला तो दर वाटेल, दुसऱ्याला माणसांची संख्या. मराठी ओळीत ‘हमालीचा दर’ आणि तेलुगू ओळीत मजुरीचा पूर्ण शब्द, असे दोन्हीकडे वेगवेगळे लिहावे, आणि फलक रंगवण्याआधी मसुदा मापाड्याला व एखाद्या जुन्या हमालाला वाचून दाखवावा. ते ज्या शब्दावर थांबून ‘म्हणजे काय?’ विचारतील तो बदलावा, मग शब्दकोशात तो कितीही शुद्ध का असेना.