अपडेट आलं, फीचर आलं नाही. दाद कुठे मागायची?

प्रश्न : सांगलीच्या एका शिक्षिकेने 2024 च्या दिवाळीत हप्त्यांवर आयफोन 15 घेतला. ‘ॲपल इंटेलिजन्स अपडेटमधून यातही येणार आहे, 16 साठी जास्तीचे पैसे कशाला घालवता?’ असे दुकानातल्या विक्रेत्याने त्यांना सांगितले होते. पुढे आयओएस 18 ची अपडेट्स येत राहिली, हे फीचर मात्र आले नाही. सर्व्हिस सेंटरमध्ये चौकशी केली तेव्हा कळले, की या मॉडेलला ते मिळणारच नाही. कंपनीवर ग्राहक आयोगात तक्रार करता येईल का, पूर्ण पैसे परत मिळतील का आणि तोवर हप्ते थांबवले तर चालेल का, असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर : तक्रार करता येईल, पण कंपनीवर नेम धरला तर तो बहुधा चुकेल.

ॲपलने जून 2024 मध्ये ॲपल इंटेलिजन्स ही एआय सुविधा जाहीर केली, तेव्हाच ती आयफोन 15 प्रो आणि 15 प्रो मॅक्सपासून पुढच्या फोनवर चालेल, असे सांगून टाकले होते. साधा 15 बाजारात येऊन तेव्हा जेमतेम नऊ महिने झाले होते, तरी तो यादीबाहेर राहिला. या सुविधेचे बरेचसे काम फोनच्या आतच चालते आणि त्यासाठी 8 जीबी रॅम लागते. साध्या 15 मध्ये ती 6 जीबी आहे. गंमत अशी, की आयओएस 18 हे 2018 च्या आयफोन एक्सआरवरही चालते. ‘आयओएस 18 मिळेल’ आणि ‘आयओएस 18 मधले सगळे मिळेल’ यांतला फरक काउंटरवर कोणी समजावून सांगत नाही.

अर्थात, प्रत्येक वेळी हार्डवेअरचे कारण खरेच असते असे नाही. मार्च 2024 मध्ये गुगलने आपल्या पिक्सेल 8 फोनला ‘जेमिनी नॅनो’ हे एआय मॉडेल देता येणार नाही, हार्डवेअरची मर्यादा आहे, असे सांगितले. ग्राहक चिडले आणि महिना संपायच्या आत गुगलने शब्द फिरवला. तेव्हा कंपनीचे ‘शक्य नाही’ हे डोळे झाकून मानू नये. पण नवे फीचर जुन्या फोनला न देणे हा आपल्या कायद्यात आपोआप ‘दोष’ ठरत नाही. फोन विकताना जे कबूल केले ते त्यात आहे का, हा खरा प्रश्न.

इथे शिक्षिकेची बाजू वाटते तितकी लंगडी नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(47) मध्ये अनुचित व्यापारी प्रथेची व्याख्या आहे आणि तोंडी केलेले खोटे विधानही तीत बसते. म्हणजे विक्रेत्याचे ते वाक्य कायद्याच्या कक्षेत येते. अडचण पुराव्याची. दुकानाशी व्हॉट्सॲपवर बोलणे झाले असेल, फलकाचा किंवा सेलच्या जाहिरातीचा फोटो असेल, खरेदीच्या वेळी सोबत कोणी असेल, तर ते सोने आहे. नुसत्या आठवणीवर दावा उभा करणे कठीण.

पूर्ण रकमेची आशा मात्र धरू नये. इतके दिवस वापरलेला, बाकी सर्व कामे नीट करणारा फोन परत घ्या, असा आदेश आयोग सहसा देणार नाही. मागणी बेताची ठेवलेली बरी. 16 बाजारात आला तेव्हा ॲपलने 15 ची किंमत 69,900 वर आणली होती आणि 16 ची सुरुवात 79,900 पासून होती. हा दहा हजारांचा फरक, मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च, एवढे मागितले तर ते पटण्यासारखे आहे.

आधी दुकानाला लेखी नोटीस द्यावी आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. बरीच दुकाने तिथेच नमते घेतात. नाहीच जमले, तर सांगलीच्याच जिल्हा आयोगात जाता येते, कारण ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करण्याची सोय 2019 च्या कायद्याने दिली आहे. खरेदी पाच लाखांपर्यंतची असल्याने शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची असते. दिवाळीची खरेदी धरली तर ती 2026 च्या दिवाळीच्या सुमारास संपेल. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी सबळ कारण द्यावे लागते.

अपडेटनंतर फोनच मंदावला किंवा बिघडला असेल, तर प्रकरण वेगळे आणि तेव्हा कंपनीलाच गाठावे. आयओएस 18 नंतर अशा तक्रारी हेल्पलाइनवर आल्या, तेव्हा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲपलला नोटीस पाठवली. केंद्रीय मंत्री प्रल्हाद जोशी यांनी जानेवारी 2025 मध्ये तसे जाहीर केले. फ्रान्सने तर आयओएसच्या अपडेटमुळे जुने आयफोन संथ होऊ शकतात हे ग्राहकांना न सांगितल्याबद्दल 2020 मध्ये ॲपलला अडीच कोटी युरोंचा दंड केला.

राहता राहिले हप्ते. ते थांबवू नयेत. कर्ज दिले आहे वित्त कंपनीने आणि भांडण आहे दुकानाशी. हप्ता चुकला की दंड लागतो, क्रेडिट स्कोअर घसरतो आणि आयोगाचा निकाल बाजूने लागला तरी तो डाग लगेच पुसला जात नाही.