वाक्छल आणि अफवा : ‘सरकार ही एक कंपनी आहे’ या समजाचा अर्थविचार

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला :
• अनेकार्थता आणि वाक्छल यांतील संबंध स्पष्ट करता येईल.
• पारिभाषिक शब्द आणि व्यवहारातील शब्द यांतील अंतर ओळखता येईल.
• एखाद्या अफवेतील भाषिक दोष दाखवून देता येईल.

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, अर्थविस्तार आणि अर्थसंकोच या प्रक्रिया आपण मागील घटकात पाहिल्या. एकाच शब्दाचे दोन अर्थ समाजात गैरसमज कसा रुजवतात, हे या घटकात पाहायचे आहे. उदाहरण आर्थिक व्यवहारातील आहे. अनेक देशांची सरकारे अमेरिकेच्या प्रतिभूती व विनिमय आयोगाकडे नोंदलेली आहेत. म्हणून ती सरकारे नसून खाजगी कंपन्या आहेत आणि नागरिक हे त्यांचे तारण आहे, असा समज अनेक देशांत पसरला आहे. ऑस्ट्रेलिया आणि कॅनडा यांच्याबाबत तो विशेष ऐकू येतो.

वस्तुस्थिती

सरकारांना खर्चासाठी कर्ज लागते. अमेरिकेतील गुंतवणूकदारांना कर्जरोखे जाहीरपणे विकायचे असतील, तर १९३३च्या प्रतिभूती कायद्यानुसार सर्वसाधारणपणे त्या रोख्यांची नोंदणी करावी लागते. याच कायद्यात दोन स्वतंत्र अनुसूची आहेत. कंपन्यांनी द्यावयाची माहिती अनुसूची ‘ए’मध्ये आहे, तर परकीय सरकारे व त्यांचे राजकीय विभाग यांनी द्यावयाची माहिती अनुसूची ‘बी’मध्ये. कर्ज कशासाठी हवे, आधीचे कर्ज किती, गेल्या वीस वर्षांत परकीय कर्जाची परतफेड चुकली आहे काय, तीन वर्षांचा जमाखर्च कसा आहे, असे प्रश्न सरकारला विचारले जातात. म्हणजे ज्या नोंदीचा पुरावा म्हणून उल्लेख होतो, ती नोंद ज्या कायद्याने होते, तोच कायदा सरकार आणि कंपनी यांना वेगळे मानतो.

तीन शब्द

१. नोंदणी : जन्माची नोंदणी, विवाहाची नोंदणी, जमिनीच्या खरेदीखताची नोंदणी हे प्रयोग पाहा. नोंदणीने माहिती अधिकृत दप्तरात येते. नोंदवणारा दप्तराच्या मालकीचा होत नाही. येथे तर नोंदणी रोख्यांची होते, राष्ट्राची नव्हे.

२. सिक्युरिटी : चाकणच्या औद्योगिक वसाहतीत ‘सिक्युरिटी’ म्हणजे कंपनीच्या फाटकावरील पहारेकरी. बँकेत तोच शब्द तारणासाठी येतो. भांडवल बाजारात मात्र तो रोखे, समभाग यांसाठी वापरतात. मराठीत त्याला ‘प्रतिभूती’ म्हणतात. बाजारातील अर्थाच्या जागी बँकेतील अर्थ घातला, की ‘सरकारने प्रतिभूती विकल्या’ याचे ‘सरकारने आपल्याला तारण ठेवले’ असे रूपांतर होते.

३. कॉर्पोरेशन : देहूतील माणूस ‘कॉर्पोरेशन’ म्हणतो तेव्हा त्याला बहुधा पिंपरी-चिंचवड महानगरपालिका अभिप्रेत असते. इंग्रजीत हाच शब्द व्यापारी कंपनीसाठी आणि औद्योगिक विकास महामंडळासारख्या संस्थेसाठीही आहे. मुळात तो ‘शरीर’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला. सभासद बदलले तरी संस्था टिकते, तिला स्वतःच्या नावाने दावा लावता येतो, एवढाच त्याचा कायदेशीर आशय. नफा हा त्याचा अटळ भाग नाही. मराठीने महानगरपालिका, महामंडळ, कंपनी असे वेगळे शब्द योजून हा गोंधळ पूर्वीच सोडवला आहे. इंग्रजी शब्द तसाच उचलला की तो परत येतो.

भारतीय परंपरेतील निदान

न्यायदर्शनात या दोषाला ‘वाक्छल’ म्हणतात. त्याचे प्रसिद्ध उदाहरण ‘नवकंबल’ या शब्दाचे आहे. बोलणारा नव्या कांबळ्याविषयी बोलतो. प्रतिपक्षी ‘नव’ म्हणजे नऊ असा अर्थ घेऊन विचारतो, नऊ कांबळी कोठे आहेत? वक्त्याचा अभिप्रेत अर्थ टाळून दुसऱ्या अर्थाचे खंडन करणे, हे छल. आपल्या उदाहरणात तीन शब्दांवर एकाच वेळी छल झाले आहे.

आपल्या परिसरातील उदाहरण

पुणे महानगरपालिकेने २०१७ साली पाणीपुरवठा योजनेसाठी ७.५९ टक्के व्याजाने २०० कोटी रुपयांचे रोखे विकले. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेनेही २०२३ आणि २०२५ साली प्रत्येकी २०० कोटी रुपये रोख्यांतून उभारले. हे रोखे मुंबई शेअर बाजारात सूचिबद्ध झाले. महानगरपालिका त्यामुळे कंपनी झाली नाही. ती ऋणको झाली आणि रोखे घेणारे धनको. राज्य सरकारांबाबत तर घटनेच्या अनुच्छेद २९३ने भारताच्या हद्दीतच कर्ज उभारण्याची मर्यादा घातली आहे.

कर्जाविषयीची अस्वस्थता मात्र खोटी नाही. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, ही कथा देहूत आजही सांगितली जाते. कागदावरचे ऋण माणसाला कसे जखडते, हे ती कथा जाणते. सरकारी कर्जही अखेर नागरिकांच्या करांतून फिटते. म्हणून कर्ज कशासाठी, किती व्याजाने, केव्हा फिटणार, हे विचारण्याचा अधिकार नागरिकाला आहे. अफवा नेमका हाच प्रश्न हिरावून घेते. सरकार खोटेच आहे असे मानणारा त्याला हिशेब विचारत नाही. तो कर आणि कायदे नाकारू लागतो. कॅनडातील अल्बर्टा प्रांताच्या न्यायालयाने २०१२ साली घटस्फोटाच्या एका खटल्यात अशा युक्तिवादांचा सविस्तर परामर्श घेऊन ते फेटाळले. अशा युक्तिवादांची किंमत ते मांडणाऱ्यालाच मोजावी लागते.

सारांश

शब्दाचा अर्थ संदर्भाने निश्चित होतो. पारिभाषिक शब्द संदर्भातून उचलून व्यवहारातील अर्थाने वाचला, तर खऱ्या कागदपत्रातूनही खोटा निष्कर्ष निघतो. भाषेच्या विद्यार्थ्याने अशा वेळी आधी कोणता शब्द कोणत्या अर्थाने आला आहे, हे विचारावे.

स्वाध्याय

१. ‘वाक्छल’ ही संकल्पना सोदाहरण स्पष्ट करा.
२. ‘कॉर्पोरेशन’ या शब्दासाठी मराठीत रूढ असलेले पर्याय सांगून त्यांतील अर्थभेद लिहा.
३. तुमच्या परिसरात ऐकलेली एखादी अफवा निवडा व तिच्यातील अनेकार्थी शब्द शोधून विवेचन करा.