पेनाची कांडी : रेझिन ओतण्याआधीचा हिशेब

फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये आपण सगळ्यांनीच लेथवर काम केलंय. एम.एस.चा तुकडा, फेसिंग, टर्निंग, जर्नलवर सही, विषय संपला! पण त्याच लेथवर स्वतःच्या हाताने फाउंटन पेन घडवता येतं, हे समजल्यापासून मला तरी त्याचं वेड लागलं आहे. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे अधूनमधून इंग्रजी शब्द डोकावतील. सांभाळून घ्या.)

हाताने घडवलेली पेनं आपल्या देशाला नवीन नाहीत. आंध्र प्रदेशातल्या राजमहेंद्रवरम, म्हणजे जुन्या राजमुंद्रीचं ‘रत्नम पेन’ १९३२ पासूनचं. तिथली पेनं एबोनाइटसाठी प्रसिद्ध आहेत. एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर. त्याचा दांडा तयार विकत घ्यावा लागतो. रेझिनचं तसं नाही. पेन ज्यातून कातायचं ती कच्ची कांडी, म्हणजे ‘ब्लँक’, आपल्याला हव्या त्या रंगात स्वतः ओतता येते. आणि ती बिघडली तर दोष नशिबाचा नसतो. प्रत्येक बुडबुड्याचं आणि प्रत्येक चिकट कांडीचं कारण आपल्याच केमिस्ट्री आणि थर्मोच्या पुस्तकात असतं.

वजन आधी, ओतणं नंतर

समजा साच्याचा आतला व्यास २० मि.मी. आणि लांबी १३० मि.मी. आहे. घनफळ येतं सुमारे ४१ घन सें.मी. इपॉक्सीची घनता साधारण १.१ धरली तर ४५ ग्रॅम, आणि कपाला चिकटून वाया जाणारं धरून ५० ग्रॅम. हार्डनरचं प्रमाण बाटलीवर लिहिलेलं असतं. ते १०० ला ५० असेल, तर रेझिन ३३.३ ग्रॅम आणि हार्डनर १६.७ ग्रॅम. हे प्रमाण वजनाचं की मापाचं ते नीट वाचा, कारण दोघांची घनता सारखी नसते.

‘लवकर सुकावं म्हणून थोडं हार्डनर जास्त’ हा सल्ला सर्रास ऐकू येतो. इपॉक्सीत तो चुकीचा आहे. घरातल्या अराल्डाइटच्या दोन ट्यूब आठवा. तिथे हार्डनर नुसता वेग वाढवत नाही, तो रेझिनच्या रेणूंना जोडून जाळं विणतो. जास्तीच्या हार्डनरला जोडीदार मिळत नाही आणि कांडी मऊ राहते.

पॉलिएस्टर रेझिनचं गणित वेगळं. त्यात कॅटॅलिस्ट साधारण १ ते २ टक्केच लागतो. पण ते घट्ट होताना घनफळात ७ टक्क्यांच्या आसपास आकसतं आणि ठिसूळही असतं. आटे पाडताना कडा उडतात. म्हणून सुरुवात इपॉक्सीने करावी.

ऊन आणि पावसाळा

इपॉक्सी घट्ट होताना उष्णता बाहेर टाकते. ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियेचा वेग दुप्पट होतो. २५ अंशांना अर्धा तास पातळ राहणारं मिश्रण मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत दहा-अकरा मिनिटांत हाताबाहेर जातं. कपात एकत्र साठलेलं मिश्रण तर स्वतःच्याच उष्णतेने आणखी तापतं. म्हणून उन्हाळ्यात सकाळी लवकर ओता आणि एका वेळी थोडंच कालवा.

पावसाळ्यात शत्रू म्हणजे ओलावा. हार्डनर हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषतो आणि कांडीवर तेलकट थर येतो. रेझिनमध्ये लाकडाचे तुकडे घालणार असाल तर ते ओव्हनमध्ये वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत वाळवा. वजनकाटा खोटं बोलत नाही.

रंगासाठी मायका पावडर छान. दोन रंगांच्या लहरी हव्या असतील तर मिश्रण काकवीसारखं दाट होईपर्यंत थांबा आणि मग ओता. फार पातळ असताना ओतलं तर रंग एकमेकांत मिसळून जातात. साचा सिलिकॉनचा किंवा पॉलिप्रॉपिलीनचा घ्या, त्याला इपॉक्सी चिकटत नाही.

बुडबुडे आणि बॉइल

कालवताना हवा शिरणारच. ती दाबाने लहान करता येते. प्रेशर पॉटच्या गेजवर ६० पीएसआय म्हणजे सुमारे ४ बार, त्यात वातावरणाचा १ मिळवला की ५ बार. बॉइलच्या नियमाने बुडबुड्याचं घनफळ एक पंचमांश होतं. व्यास मात्र घनमुळाने कमी होतो, म्हणजे १ मि.मी.चा बुडबुडा ०.५८ मि.मी.चा होतो. शिवाय दाबाखाली थोडी हवा रेझिनमध्ये विरघळते. कांडी पूर्ण घट्ट होईपर्यंत दाब सोडायचा नाही, नाहीतर बुडबुडे पुन्हा फुगतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. होस्टेलवर कुणीतरी म्हणतंच, ‘प्रेशर कुकर आहे की!’ कुकरची शिटी सुमारे १ बारला उडते आणि तो वाफेसाठी बनवलेला असतो. शिटी बंद करून त्यात कॉम्प्रेसरची हवा भरणं म्हणजे बॉम्ब तयार करणं. हिशेब करा : २४ सें.मी. व्यासाच्या झाकणावर ४ बारला सुमारे १८ किलोन्यूटन बल येतं, म्हणजे जवळपास १८०० किलोचं वजन. दोन मारुती ८०० पेक्षा जास्त! तेव्हा सेफ्टी व्हॉल्व्ह आणि ठरवून दिलेली दाबाची मर्यादा असलेलाच पॉट वापरा. तो नसेल तर सावकाश घट्ट होणारा हार्डनर घ्या, हळू कालवा आणि बारीक धारेने ओता. अपारदर्शक रंगात उरलेसुरले बुडबुडे फारसे दिसतही नाहीत.

दुसरा धोका पॉलिएस्टरवाल्यांसाठी. कोबाल्टचं ऍक्सिलरेटर आणि एम.ई.के.पी. कॅटॅलिस्ट कधीही थेट एकमेकांत मिसळू नका. आग लागू शकते, स्फोट होऊ शकतो. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण कालवायचं, मगच दुसरं. हातमोजे आणि उघड्या खिडक्या दोन्हीकडे हव्यातच. हार्डनरची ऍलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर पिच्छा सोडत नाही.

लेथवर

कांडी निदान एक-दोन दिवस मुरू द्या. धारदार टूल, हलका कट. चांगली कांडी असेल तर लांब फिती निघतात. ड्रिल करताना बिट वारंवार बाहेर काढा, नाहीतर रेझिन तापून मऊ होतं. शेवटी वॉटर पेपर ४०० पासून २००० पर्यंत, पाणी लावून. कोरडं घासाल तर मास्क विसरू नका. उरलेलं मिश्रण बेसिनमध्ये ओतू नका, कपातच घट्ट होऊ द्या आणि मग टाका.

सबमिशनच्या रात्री त्या पेनाने जर्नल लिहिताना हात दुखतोच. पण पेन कुठून आणलं असं कुणी विचारलं, तर उत्तर द्यायला फार मजा येते. करून बघा!